पहिली वॉरगेम स्पर्धा : मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी तीन गेम खेळलो आणि त्यातला एकही पूर्ण झाला नाही. पाच राउंडची लढाई, आणि दर वेळी तिसऱ्या राउंडातच आयोजकाचा आवाज यायचा, "डाइस खाली ठेवा." नियम पाठ होते, आर्मी रंगवलेली होती, छत्रपती संभाजीनगरहून पुण्यापर्यंत एकही भाला न मोडता गेलो होतो. पण घड्याळ लावून खेळायची सवयच नव्हती. समोरचे तिघेही सज्जन, कुणी काही बोललं नाही. तिसऱ्याने फक्त जाताना विचारलं, "घरी कुणाशी खेळतोस?" खरं उत्तर होतं, "एकटाच, दोन्ही बाजूंनी."

तुम्हीही जालना, परभणी, लातूर, नांदेडकडे कुठंतरी एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत असाल, तर हे तुमच्यासाठी.

ज्यांना हा खेळच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडलेत ना? आता समजा प्रत्येक मावळा किती इंच चालतो, किती लांब मारतो, हे ठरलेलं आहे आणि निकाल फाशांवर लागतो. झाला मिनिएचर वॉरगेम. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना नकाशावर अशीच लढाई खेळवून शिकवायचे. आज सर्वांत जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा 'वॉरहॅमर ४०,०००', १९८७ पासूनचा. ऐतिहासिक लढाया मांडणारेही खूप आहेत. आपल्या जालना जिल्ह्यातलं असई त्यांच्या चांगल्या ओळखीचं. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या फौजेशी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली लढला, ती लढाई परदेशात लोक टेबलावर पुन्हा पुन्हा खेळतात. आपल्याकडे असईला किती जण जाऊन आलेत, ते विचारू नका.

पुढचं सगळं वॉरहॅमर ४०,००० धरून लिहिलंय, कारण स्पर्धा मुख्यतः त्याच्याच होतात. आकडे जून २०२३ ला आलेल्या दहाव्या आवृत्तीचे आहेत. तुम्ही जाल तेव्हा कोणती आवृत्ती चालू आहे ते आधी बघा.

१. आधी स्पर्धा शोधा, आर्मी नंतर

आपण सगळे हे उलटं करतो. व्हिडिओ बघून एखादी आर्मी आवडते, पैसे घालतो, आणि मग कळतं की जवळची स्पर्धा १००० पॉइंट्सची आहे (प्रत्येक तुकडीला पॉइंट्स ठरलेले असतात, त्यांची बेरीज तेवढ्यात बसवायची) किंवा तिथं किल टीम, म्हणजे मोजक्या मॉडेलांचा छोटा खेळ, खेळतात. पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू इथल्या खेळाडूंचे व्हॉट्सअ‍ॅप आणि डिस्कॉर्ड ग्रुप असतात. एकात शिरलात की बाकीचे आपोआप सापडतात. शिरल्या शिरल्या "कोणती आर्मी स्ट्राँग आहे?" विचारू नका. "मी अमुक गावचा, नवीन आहे, पुढची स्पर्धा किती पॉइंट्सची?" एवढं विचारा. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद पुण्यापेक्षा सोयीचं पडतं, हेही ध्यानात ठेवा.

२. प्लेअर्स पॅक दोनदा वाचा

प्रत्येक स्पर्धेचं माहितीपत्रक असतं, त्याला प्लेअर्स पॅक म्हणतात. त्यातल्या चार गोष्टी लिहूनच काढा.

- पॉइंट्स किती आणि टेबल केवढं. २००० पॉइंट्सला सहसा ६० बाय ४४ इंच असतं.
- लिस्ट, म्हणजे आर्मीत काय काय आहे त्याची यादी, पाठवायची शेवटची तारीख, आणि कोणत्या तारखेपर्यंतचे नियम धरणार.
- थ्रीडी प्रिंट केलेली किंवा दुसऱ्या कंपनीची मॉडेलं चालतात का.
- रंगाची अट काय आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर गृहीत काही धरू नका. बरेच स्वतंत्र आयोजक प्रिंट चालवून घेतात, काही ठिकाणी अजिबात चालत नाही. शंका असेल तर आर्मीचा फोटो पाठवून आधीच लेखी होकार घ्या. तिथं जाऊन वाद घालणाऱ्याचा दिवस वाया जातो, आणि आयोजकाचाही.

३. मॉडेलं जमवणं

बाहेरून मागवताना किमतीवर जाऊ नका, घरी पोचेपर्यंत किती पडतं ते बघा. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. पार्सल त्या सदरात धरलं गेलं तर हिशेब पार बदलतो. शिवाय कुरिअरवाले केवायसी मागतात, तेव्हा आधार-पॅन हाताशी ठेवा. त्यापेक्षा ग्रुपवर जुन्या आर्म्या विकायला येतात त्यांच्यावर लक्ष ठेवा. अर्धवट रंगवलेली आर्मी घ्यायला लाजू नका. जुना रंग उतरवता येतो.

सापळा इथं एकच आहे, बेसचा. मॉडेलच्या पायाखालची ती गोल चकती. ३२ मिलिमीटरची हवी तिथं २५ ची लावली तर मॉडेल लपायला सोपं आणि दाटीत घुसायला सोपं होतं. ती लबाडी धरली जाते, भलेही तुमच्या मनात तसं काही नसो. प्रिंट करून देणाऱ्यांकडून बेस नीट मोजून घ्या.

४. रंग, आणि आपलं हवामान

दहाव्या आवृत्तीत एका गेमचे गुण १०० पैकी असतात. ५० मुख्य कामगिरीचे, ४० दुय्यम उद्दिष्टांचे, आणि १० फक्त आर्मी रंगवलेली आहे म्हणून. मुख्य भाग रंगवलेले आणि बेस पूर्ण केलेला, एवढीच अट. फुकटचे १० गुण सोडू नका. मी पाहिलेले कितीतरी गेम त्याहून कमी फरकाने निकाली निघालेत.

रंगवायचं कसं याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण ते थंड, दमट देशातल्या लोकांनी केलेले. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, स्प्रे मारला, तर रंग मॉडेलवर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि मॉडेल पॉलिश पेपरासारखं खरखरीत होतं. माझी दहा माणसांची अख्खी तुकडी अशी गेली. सकाळी साडेसहाला मारा, डबा सावलीतला असू द्या. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, वार्निशवर पांढुरका धूर बसतो. झड लागली असेल तर थांबा.

उन्हाळ्यात पॅलेटवरचा रंगही दोन मिनिटांत सुकतो. पसरट प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात ओला स्पंज, वर केक भाजताना घालतात तो बेकिंग पेपर. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर नको, ओला झाला की सुरकुततो आणि फाटतो. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही ओला राहतो.

बेसवर माती लावायची हौस सगळ्यांना येते. मलाही आली. म्हटलं, आपली काळीभोर माती, यासारखी दुसरी कुठली. चाळून फेविकॉलमध्ये लावली. वाळली तशी तडकली आणि पोपडे धरून निघून आली. वीस वर्षं शेतात भेगा बघूनसुद्धा मला हे सुचलं नाही. चहाच्या गाळणीतून गाळलेली वाळू वापरा.

५. घरचं टेबल, जोडीदार आणि घड्याळ

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. रंग थोडा फिका राहिला तरी चालेल.

टेबलासाठी प्लायच्या दुकानातून ८ बाय ४ फुटांचं पान घ्या आणि तिथंच ६० बाय ४४ इंच कापून घ्या. बाजूला ३६ बाय ४८ चा तुकडा उरतो. तो तिथं सोडू नका, किल टीमचं ३० बाय २२ चं मैदान त्यात आरामात बसतं. पडक्या इमारती म्हणून पुठ्ठ्याची खोकी कापा. सुरुवातीला दिसायला भिकार असल्या तरी मापं स्पर्धेतल्यासारखी ठेवा. मोकळ्या मैदानावर सराव केलेला माणूस स्पर्धेत पहिल्याच टर्नला (टर्न म्हणजे एकाची पाळी, दोघांच्या झाल्या की एक राउंड) अर्धी फौज गमावतो, कारण आडोशाला कसं राहायचं हेच त्याला ठाऊक नसतं.

जोडीदार मिळत नाही ही सगळ्यांची रड. मी धाकट्या मावसभावाला बसवला. त्याला नियम येत नव्हते आणि यायची इच्छाही नव्हती. पण तो फासे टाकायचा आणि मोबाइलवरचं बुद्धिबळाचं घड्याळ दाबायचा. तेवढ्यावर माझं काम झालं. बुद्धिबळाचं घड्याळ म्हणजे आपली पाळी संपली की दाबायचं, आपली वेळ थांबते, समोरच्याची सुरू होते. २००० पॉइंट्सच्या गेमला साधारण तीन तास असतात, म्हणजे तुमच्या वाट्याला दीड तास. त्या दीड तासात पाच टर्न, मांडणी, विचार, पाणी पिणं, सगळं.

माझा वेळ कुठं जायचा ते मोजल्यावर कळलं. पहिलं म्हणजे मांडणी. पंचवीस मिनिटं मी नुसतं कोण कुठं उभं करायचं यात घालवायचो. आता दोन ठरलेल्या मांडण्या आहेत, त्यांचे फोटो मोबाइलमध्ये. दुसरं म्हणजे फासे मोजणं. तीस फासे टाकायचे तर मी ओंजळीतून एक-एक मोजायचो. मग पाच-पाचच्या रांगा लावून ठेवायला लागलो, तीस म्हणजे सहा रांगा उचलायच्या. पटकन दिसावं म्हणून सगळे फासे एकाच रंगाचे, आकडे ठळक असलेले घेतले. तिसरं, पुस्तक चाळणं. आपल्या आर्मीचे नियम एका कागदावर स्वतःच्या भाषेत लिहून काढा. मी मराठीत लिहिलेत, "हा मेला की बाजूचे दोघे चिडतात" असे. समोरचा वाचायला गेला की हसतो, पण मला एका नजरेत सापडतं.

पहिल्या दोन टर्नमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण तेव्हा सगळे जिवंत असतात. पुढे टेबल रिकामं होत जातं. तेव्हा दुसरा टर्न संपताना घड्याळात निदान चाळीस मिनिटं उरलेली हवीत, एवढा एकच आकडा धरून सराव करा. सलग तीन गेम पाचव्या टर्नपर्यंत गेले की मगच स्पर्धेचे पैसे भरा.

थोडं गणितही करा, आपण ते टाळतो. लढाई सुरू झाल्यावर मागाहून उतरणारं युनिट, म्हणजे तुकडी, शत्रूपासून ९ इंचांहून जास्त लांब उतरतं आणि दोन फाशांवर ९ किंवा वर पडलं तरच धडकतं. ३६ शक्यतांपैकी १०. म्हणजे चारदा केलं तर जेमतेम एकदा जमतं. व्हिडिओत दर वेळी जमतं, कारण जमलेलाच व्हिडिओ लोक टाकतात.

६. लिस्ट

युनिटांच्या पॉइंट्सची यादी कंपनी फुकट पीडीएफमध्ये देते आणि वर्षातून अनेकदा बदलते. मी एकदा महिनाभर आधी केलेली लिस्ट तशीच पाठवली. मधल्या काळात एका युनिटचे पॉइंट्स वाढले होते. बेरीज झाली २००५. आदल्या रात्री आयोजकाचा मेसेज. पाच पॉइंट्स कमी करायचे म्हणून सरदाराला दिलेली खास ताकद काढावी लागली, आणि माझी सगळी योजना तिच्यावरच उभी होती. चूक माझीच. लिस्ट पाठवायच्या दिवशी ताजी पीडीएफ उघडून बेरीज पुन्हा करा, अ‍ॅपवर विसंबू नका.

आणि इंटरनेटवरच्या विजेत्याची लिस्ट जशीच्या तशी उचलू नका. ती त्याच्या हातात जिंकते. तुम्हाला कमी युनिटं, सोपे नियम असलेली लिस्ट हवी. जितकी माणसं कमी तितका वेळ वाचतो.

७. डबा आणि प्रवास

आर्मी न्यायची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे प्रत्येक बेसखाली ५ बाय २ मिलिमीटरचं निओडिमियम चुंबक चिकटवायचं आणि लोखंडी तळाच्या डब्यात उभं करायचं. डबा उलटा केला तरी कुणी हलत नाही.

आता यातली गंमत ऐका. मी चुंबकं लावली आणि घरातला फराळाचा मोठा स्टीलचा डबा काढला. एकही मॉडेल चिकटेना. मला वाटलं चुंबकंच खोटी निघाली. मग डबा आणायला भांड्यांच्या दुकानात गेलो आणि खिशातून चुंबक काढून एकेका डब्याला लावायला लागलो. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला. "साहेब, चुंबक चिकटलं तर लोक म्हणतात माल हलका आहे. अन् तुम्हाला चिकटणाराच पाहिजे?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्वयंपाकघरातल्या बहुतेक स्टेनलेस स्टीलला चुंबक धरतच नाही. तुम्हाला हवा तो साधा पत्र्याचा डबा किंवा छोटी ट्रंक. खरेदीला जाताना चुंबक खिशात असू द्या, आणि लोकांनी बघितलं तर बघू द्या.

गाडीने जात असाल तर डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. रेझिनची तलवार केळ्यासारखी वाकते. वाकलीच तर गरम पाण्यात बुडवून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात धरायची. बसने जात असाल तर डबा खालच्या डिकीत टाकू नका, मांडीवर घ्या. शेजारचे विचारतात. लातूरच्या एका काकांनी डबा उघडायला लावला, टक लावून बघितलं आणि म्हणाले, "हे खेळणे इकूलालास का?" विकत नाही, खेळायला नेतोय म्हटल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं ते पुण्यापर्यंत.

आदल्या दिवशीच पोचा. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी नऊला खेळायला उभं राहणं मी केलंय. दुपारच्या गेमला मी स्वतःचीच युनिटं हलवायला विसरत होतो. स्प्रेचा डबा बरोबर घेऊ नका, ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत न्यायला बंदी आहे. विमानाने कुणी जात असेल तर कटर हातातल्या बॅगेत नको.

बरोबर काय हवं, ते एकदा सांगून टाकतो. छापलेल्या लिस्टच्या दोन प्रती, एक समोरच्याला द्यायची. प्रवेश फी भरल्याची पावती किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट, लॉजसाठी ओळखपत्र, नियमांच्या पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून, कारण हॉलमध्ये नेटवर्क नसलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. इंचाची स्टीलची टेप हवी. शिंप्याची कापडी टेप वाकते आणि भांडणं लावते. फासे, टोकन, फेव्हिक्विक, पॉवर बँक, आणि आर्मी एका टेबलावरून दुसऱ्यावर न्यायला एक ट्रे. माझा ट्रे चहाचा आहे, आईला अजून पत्ता नाही.

८. स्पर्धेच्या दिवशी

पहिली जोडी चिठ्ठीवर लागते, पुढे सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात. याला स्विस पद्धत म्हणतात. हरलात म्हणून बाहेर जात नाही, सगळे गेम खेळायला मिळतात. आठ जण असले तर तीन गेममध्ये एकच अपराजित उरतो, बत्तीस असले तर पाच लागतात. जोड्या आणि गुण बऱ्याच ठिकाणी बेस्ट कोस्ट पेअरिंग्ज या अ‍ॅपवर येतात, तेव्हा ते आधीच टाकून ठेवा.

खेळ सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं बोला. कोणती भिंत आरपार दिसते, कोणती नाही, वाकडा पडलेला फासा पुन्हा टाकायचा का, हे ठरवून घ्या. "तुमच्या आर्मीत मला अडकवणारी गोष्ट कोणती?" असं सरळ विचारा. चांगला खेळाडू सांगतो.

आणि खेळताना हेतू बोलून दाखवा. मला हे पुण्यातल्या एका वयाने मोठ्या खेळाडूने शिकवलं. मी गुपचूप रणगाडा भिंतीआड ढकलत होतो, अर्धा इंच मागे, अर्धा पुढे. तो म्हणाला, "थांब. तुला काय करायचंय ते आधी सांग." मी म्हणालो, तुमच्या तोफेला दिसू नये असा ठेवायचाय. त्याने वाकून आपल्या तोफेच्या बाजूने बघितलं. "मग अजून थोडा आत घे. हां, आता नाही दिसत." पुढच्या टर्नला त्याने तो रणगाडा मारायचा प्रयत्नही केला नाही. माझ्या डोक्यात तोवर हेतू लपवणं म्हणजे डावपेच होता. इथं तसं नसतं. मोजमाप दोघांनी मिळून करायचं असतं.

वाद झालाच तर जजला बोलवा. हात वर करायला लाजू नका, आणि आवाज चढवू नका. जज सांगेल ते मान्य करून पुढे जा. घड्याळ मात्र जजला बोलावताना थांबवा, नवे लोक हमखास विसरतात.

पहिल्या दोन गेममध्ये आपटलात तर तिसऱ्यात तुमच्यासारखाच कुणी आपटलेला समोर येतो. तो गेम सगळ्यात मजेचा असतो. आधीच निघून जाऊ नका.

९. परत आल्यावर

त्याच रात्री, बसमध्ये बसल्या बसल्या, प्रत्येक गेमला कोणत्या टर्नपर्यंत पोचलात तेवढं लिहून ठेवा. गुण नंतर अ‍ॅपवर सापडतात, हे सापडत नाही. माझ्या वहीत पहिल्या स्पर्धेचं "३, ३, ३" आहे, दुसरीचं "४, ५, ५".

प्लायचा तो उरलेला ३६ बाय ४८ चा तुकडा गेल्या उन्हाळ्यात जालन्याचा एक पोरगा मोटारसायकलवर बांधून घेऊन गेला. त्यावर तो आणि त्याचा मित्र किल टीम खेळतात. परवा त्याचा फोन आला, चुंबकं खोटी निघाली म्हणाला.